आपली गाणी आली कुठून?



आपल्या विहाराचा वर्धापनदिन म्हटला की सकाळी पंचशील ध्वजारोहण, बुद्धवंदना, दुपारी भोजनदान आणि संध्याकाळी गाणी, हा क्रम ठरलेला. गाण्याशिवाय कार्यक्रम झाला असे कधी घडले नाही. लहान पोरांना त्रिशरण-पंचशील पाठ होण्याआधी भीमगीतं पाठ होतात, हे आपण घरोघरी पाहतो. अशाच एका रविवारी बालवर्गात गाणं बसवताना एका मुलीनं विचारलं, "हे गाणं लिहिलं कोणी?" आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. कोणी गायकाचं नाव सांगितलं, कोणी कॅसेटवरच्या फोटोतल्या माणसाचं. लिहिणाऱ्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. मग एका वृद्ध माउलीनं ते गाणं शेवटपर्यंत म्हणून दाखवलं आणि शेवटच्या कडव्यात नाव सापडलं – 'वामन'. आम्ही ते कडवं कधी म्हणतच नव्हतो. वेळ कमी पडतो म्हणून दोन कडव्यांवरच थांबत होतो!

त्या दिवशी आम्हाला लाज वाटली. तेव्हापासून गाण्यामागची माणसं शोधायला लागलो. जुनी पुस्तकं चाळली, जुन्याजाणत्यांना विचारलं. जे हाती लागलं ते येथे थोडक्यात मांडत आहोत.

जात्यावरचा भीमराव

आपल्या गाण्याचं पहिलं व्यासपीठ म्हणजे जातं. पहाटे उठून दळण दळताना आपल्या आज्या-पणज्या ओव्या गात. त्यात माहेर असे, भाऊ असे, पंढरीचा विठ्ठल असे. महाड-नाशिकचे सत्याग्रह झाले आणि त्याच ओव्यांमध्ये भीमराव येऊन बसला. कधी तो भाऊ झाला, कधी गुरू झाला. रमाई वहिनी झाली. ज्या बाईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिनं बाबासाहेबांचं चरित्र पिठाच्या धारेबरोबर रचलं.

या ओव्या कागदावर नव्हत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून त्या गोळा करण्याचं मोठं काम केलं. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात जमल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावसारख्या ठिकाणच्या आपल्या मायबहिणींनी गायलेल्या बुद्ध-भीमाच्या ओव्याही त्यात आहेत. या कामातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव लिहून ठेवलेलं आहे. हे किती महत्त्वाचं आहे ते पुढे कळेल.

तमाशातून जलसा

आपल्या समाजाच्या रक्तात गाणं होतं. ढोलकी, तुणतुणं, हलगी ही वाद्यं आपल्याच माणसांच्या हातात होती. तमाशाच्या फडात नाव काढणारे कलावंत बहुतेक महार-मांग समाजातले. पण कला आमची आणि मान कोणाचा? रात्रभर ज्यांच्या गाण्यावर गावानं टाळ्या वाजवल्या, त्यांनाच सकाळी पाणवठ्यावर जाता येत नव्हतं.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याआधीच, १८६९ साली, त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होता. सामान्य शेतकरी-कष्टकरी माणसाला पोथीपेक्षा पोवाडा लवकर कळतो हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि वग. जलशानं हा क्रम ओळखीचा ठेवला, पण आतला माल बदलला. शृंगाराच्या जागी शिक्षण आलं. भटजी आणि सावकार यांच्या फसवणुकीची सोंगं आली. लोक हसत-हसत शहाणे होऊ लागले.

याच परंपरेतून आंबेडकरी जलसा जन्मला. बाबासाहेबांनी 'मूकनायक' १९२० साली काढलं, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. पण वाचणारे किती? अख्ख्या वस्तीत एखाद्याला अक्षरओळख असायची. तो वाचून दाखवणार, बाकीचे ऐकणार. जिथे पेपर पोचला नाही तिथे जलसा पोचला. खांद्यावर ढोलकी, हातात कंदील आणि पायी वाट. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, पोरांना शाळेत घाला, महारकीच्या वतनाची बेडी तोडा – हे सगळं सवाल-जवाबातून, पदांतून सांगितलं जाई. बाबासाहेबांची दहा भाषणं एका बाजूला आणि शाहिरांचा एक जलसा एका बाजूला, अशा अर्थाचे कौतुकाचे उद्गार खुद्द बाबासाहेबांनी काढल्याचे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत.

येथे आणखी एक आठवण सांगितली जाते. तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी महाडच्या लढ्यासाठी आपल्या खेळांतून पैसा देऊ केला. चळवळीला तेव्हा पै-पैची गरज होती. तरीही बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला. आपल्याच आयाबहिणींना फडावर नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाची लढाई उभी करायची नाही, हा त्यामागचा विचार. या एका गोष्टीत तमाशा आणि जलसा यांतला फरक उघड होतो. बाबासाहेबांचा विरोध गाण्याला नव्हता. गाण्याच्या नावाखाली चालणाऱ्या लाचारीला होता.

दोन कर्डक

पुष्कळ लोक भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांना एकच समजतात. आम्हीही समजत होतो. दोघेही नाशिक भागातले, दोघेही बाबासाहेबांचे शाहीर, पण माणसं वेगळी.

भीमराव कर्डक हे पहिल्या पिढीचे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या तापलेल्या वातावरणात, १९३० च्या सुमारास, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जलसा उभा केला व गावोगाव नेला. नुसतं गाऊन ते थांबले नाहीत. म्हातारपणी सगळं लिहून काढलं. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचं पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झालं. ते पुस्तक नसतं तर जलशाची निम्मी कहाणी त्या माणसांबरोबरच संपली असती.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. गरिबीमुळे मुंबईला आले. कोळशाची वखार, गिरणी, मिळेल ते काम केलं. शाळा नाही. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना एका माणसानं विश्वासानं पत्र वाचायला त्यांच्या हाती दिलं. वाचता येईना. त्या अपमानानं तरुण वामन रडला आणि जिद्दीला पेटला. समता सैनिक दलातल्या सोबत्यांनी बाराखडी शिकवली. मग दुकानांच्या पाट्या वाचत-वाचत त्यांनी अक्षरं पक्की केली. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, तेही हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. लोक हसले, त्यांना आवडलं. आणि मग हा माणूस थांबलाच नाही.

त्यांनी हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ साली निघाला, 'मोहळ' १९७६ साली. पण छापून आलं ते थोडं. बाकीची गाणी शिष्यांच्या वह्यांत, गायकांच्या तोंडी, वस्त्यावस्त्यांत पसरली. झोळी घेऊन दादा गावोगाव फिरत, मिळेल त्या घरी भाकरी खात आणि तिथेच गाणं लिहीत. १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पाट्या वाचून शिकलेला माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! १५ मे २००४ रोजी दादा गेले.

दादा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत. जुन्या संतकवींची हीच रीत. कागद फाटतो, वही हरवते, पण कडवं पाठ असेल तर नाव टिकतं. आता आमची चूक किती मोठी होती ते ध्यानात यावं.

'चाल' कोणाची?

जुन्या गाण्यांच्या चार-आठ आण्यांच्या पुस्तिका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्यातरी सिनेमाच्या किंवा तमाशातल्या गाण्याचा उल्लेख असे. काही विद्वान यावर नाक मुरडतात, म्हणतात हे उसनं आहे. आमचं म्हणणं वेगळं. ज्याच्याकडे छापखाना नाही, रेडिओ नाही, त्यानं लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली चाल घेतली तर त्यात चुकलं काय? चाल माहीत असली की शब्द एका रात्रीत पाठ होतात. आज सभा, उद्या सगळ्या वस्तीच्या तोंडी गाणं. ही शाहिरांची युक्ती होती.

शाहिरांची ही नदी एकाच काठानं वाहिली नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. वाटेगावचे अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले, पण बाबासाहेबांना त्यांनी आपल्या गाण्यातून वाहिलेली आदरांजली आजही सभेत म्हटली जाते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. समाज पोरका झाला. त्या दुःखात गाण्यानंच आधार दिला. सत्याग्रहाच्या पदांबरोबर आता बुद्धाची करुणा, दीक्षाभूमी, रमाईचा त्याग हे विषय आले. मग गायन पार्ट्यांचा जमाना आला. भीमजयंतीला वर्गणी काढून मंडप घालायचा आणि कव्वालीचा दुरंगी सामना ठेवायचा. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका, रात्रभर सवाल-जवाब. मध्येच माइकवरून पुकारा व्हायचा, अमक्या-तमक्याकडून पाच रुपये भेट. पेटी, ढोलक आणि कोरसच्या टाळ्या ऐकत आमची लहानपणं गेली.

त्या काळात श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर, कृष्णा शिंदे अशी नावं घरोघरी होती. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज विठ्ठलाच्या भक्तिगीतांत तसाच भीमगीतांत घुमला. १९८० नंतर कॅसेट आली आणि गायन पार्टी टेपरेकॉर्डरमध्ये मावली. गरिबाच्या झोपडीत बाबासाहेब सकाळ-संध्याकाळ गाऊ लागले, हा मोठाच फायदा. पण कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचं नाव बारीक, कधी-कधी नाहीच. नाव जायला सुरुवात झाली ती इथून.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांची आठवण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि तिथेच त्यांची प्राणज्योत मालवली.

रक्ताचा काळ

गाणं नुसतं जयंतीचं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. गौतम वाघमारे यांनी १९९३ साली नांदेडला नामांतरासाठी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही सोळा वर्षं लाँग मार्चमध्ये, तुरुंगात, मोर्चांत लोकांना चालतं ठेवलं ते शाहिरांच्या गाण्यांनी.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं गेली. मुलुंडला राहणारे लोकशाहीर विलास घोगरे यांना ते सहन झालं नाही. कामगार वस्त्यांत, डाव्या चळवळीत ते वर्षानुवर्षं गात होते. १५ जुलैला त्यांनी आपलं जीवन संपवलं. तेव्हा डोक्याला निळं कापड बांधलेलं होतं. त्यांच्या मरणाचा आम्ही गौरव करीत नाही. असा शाहीर आपल्यात गात राहायला हवा होता, त्याचं दुःख वाटून घ्यायला आपण जवळ असायला हवं होतं, ही खंत आहे. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं खपून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पूर्ण केला. त्यामुळे विलासदादांचा आवाज राहिला.

समुद्रापलीकडची एक बाई

आता एक दूरची गोष्ट, पण परकी नव्हे. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या 'ब्लॅक पँथर'वरून. म्हणून त्यांची गाणी कशी जन्मली हेही आम्ही शोधलं.

आपली मुलं शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतात. ते 'वुई शॅल ओव्हरकम' या गाण्याचं हिंदी रूप आहे. त्या गाण्याचं मूळ काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनांत आहे. १९४५-४६ साली अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात तंबाखू कारखान्याच्या कामगारांचा संप झाला. त्यात काळ्या बाया पुष्कळ होत्या. पावसापाण्यात, थंडीत पहारा देताना ते गाणं त्या म्हणत. ल्युसिल सिमन्स नावाची एक कामगार बाई ते फार संथ लयीत म्हणायची. तिथून ते टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या कार्यकर्त्यांच्या शाळेत गेलं. झिल्फिया हॉर्टन, पीट सीगर, गाय कॅरावान अशा गायकांनी ते पसरवलं. १९६० साली चळवळीतले विद्यार्थी ते शिकले, २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात ते गायलं गेलं आणि जगभर पोचलं.

त्या गाण्याच्या मालकी-हक्काची जेव्हा नोंद झाली तेव्हा चार जणांची नावं लागली. त्यात ल्युसिल सिमन्स नव्हती. त्यातून मिळणारा पैसा चळवळीच्या निधीला दिला गेला, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. २०१८ साली ते गाणं सर्वांसाठी मोकळं झालं. पण संपातल्या त्या बाईचं नाव किती जणांना माहीत आहे? तंबाखूच्या कारखान्यातली ती बाई आणि आपली जात्यावरची आजी, दोघींची गोष्ट एकच!

आजचं गाणं

तरुण पोरं म्हणतात, आम्हाला पेटी नको, गिटार पाहिजे. आम्ही म्हणतो, जरूर घ्या. रॉक संगीताचं मूळही अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यात आहे, त्यामुळे ते आपल्याला परकं नाही. मुंबईकडे कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' नावाचा बँड काढून बुद्धाचा विचार गिटार-ड्रमवर आणला. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकारानं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गट उभा राहिला. वस्तीतलं गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून २०१८ पासून ते जातीविरुद्ध गात आले. संभाजी भगत यांनी विद्रोही शाहिरी जलसा चालवला आणि २०१४ च्या 'कोर्ट' चित्रपटाला गाणी दिली. दुसरीकडे कडूबाई खरात नुसत्या एकतारीवर गातात आणि लाखो लोक मोबाईलवर ऐकतात. वाद्य कुठलंही असो, गाण्यात स्वाभिमान आहे की नाही एवढंच पाहावं.

पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डी.जे.च्या भिंतीपुढे उभं राहिलं की काळजी वाटते. मुखडा तेवढा वाजतो, पुन्हा-पुन्हा वाजतो. कडवी गेली, शेवटचं कडवं गेलं, त्याच्याबरोबर वामन गेला. बाबासाहेबांनी आपल्याला इतिहास विसरू नका म्हणून सांगितलं. गाणं हाही आपला इतिहास आहे, आणि तो आपल्या निरक्षर आईबापांनी रचलेला आहे.

म्हणून या वर्धापनदिनानिमित्त आम्ही ठरवलं आहे, की विहारात एक जाडजूड वही ठेवायची. ज्यांच्या घरी जुनी माणसं आहेत त्यांनी त्यांच्या तोंडची ओवी, पाळणा, पद लिहून आणावं. मोबाईलवर आवाजही भरून घ्यावा. ओवीखाली म्हणणाऱ्या माणसाचं नाव आणि गाव लिहावं. जुन्या पुस्तिका, कॅसेटची खोकी रद्दीत घालू नयेत, विहारात आणून द्यावीत. आणि आजपासून आपल्या मंचावर गाणं म्हटलं जाईल ते शेवटच्या कडव्यापर्यंत. आधी सांगायचं गीतकाराचं नाव, मग गायचं.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं आहे. आता ती गाणं सुरू करण्याआधी स्वतःच पुकारते – "गीतकार, महाकवी वामनदादा कर्डक." वस्तीतल्या प्रत्येक पोराला हे सांगता यावं, एवढीच मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!